शीर्षप्रहेलिका : एका महासंख्येचे मूळ अवयव

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या आयुष्यात ५० हा आकडा मोठ्या समाधानाचा असतो. गणिताच्या दृष्टीने मात्र ५० ही लहानशीच संख्या आहे. तिचे अवयव पाडले तर २, ५ आणि ५ मिळतात. २ आणि ५ यांचे आणखी तुकडे होत नाहीत. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. १ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या एकतर स्वतः मूळ असते किंवा मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते, आणि हा गुणाकार एकाच प्रकारे होऊ शकतो. अवयवांचा क्रम बदलेल, पण ५० च्या घरात २, ५, ५ यांच्याऐवजी ३ किंवा ७ कधीही येऊन बसणार नाहीत. माणसाचे कुळ जसे त्याच्या नावावरून कळते, तसे संख्येचे कुळ तिच्या मूळ अवयवांवरून कळते.

आजचा विषय आहे तो अशाच एका संख्येच्या कुळाचा. ती ५० सारखी दोन अंकी नसून १९४ अंकी आहे. जैन आगमांत तिला शीर्षप्रहेलिका असे नाव आहे. पाठशाळेत हे नाव अनेकांनी पाठ केलेले असते. ही संख्या कशापासून घडली आहे आणि तिच्या घडणीतून काय कळते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

अठ्ठावीस पायऱ्यांचा जिना

अनुयोगद्वार सूत्रात कालगणनेची जी परंपरा सांगितली आहे, तिचा पाया ८४ लक्ष वर्षे हा आहे. ८४ लक्ष वर्षांचे एक पूर्वांग. ८४ लक्ष पूर्वांगांचे एक पूर्व, म्हणजे ७० लाख ५६ हजार कोटी वर्षे. ८४ लक्ष पूर्वांचे एक त्रुटितांग. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य ८४ लक्ष पूर्वांचे सांगितले आहे, ते या तिसऱ्या पायरीवर येते. पुढे त्रुटित, अडडांग, अडड, अववांग, अवव, हुहुकांग, हुहुक, उत्पलांग, उत्पल, पद्मांग, पद्म, नलिनांग, नलिन, अर्थनिपूरांग, अर्थनिपूर, अयुतांग, अयुत, नयुतांग, नयुत, प्रयुतांग, प्रयुत, चूलिकांग, चूलिका, शीर्षप्रहेलिकांग आणि शेवटी शीर्षप्रहेलिका. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या ८४ लक्ष पट. पायऱ्या मोजल्या तर बरोबर २८ भरतात. म्हणजे ८४ लक्ष ही संख्या २८ वेळा मांडून केलेला गुणाकार ही शीर्षप्रहेलिका होय. गणिताचा विषय इथपर्यंतच आहे, यापुढील काळ पल्योपम, सागरोपम अशा उपमांनीच सांगावा, असे सूत्रकारांनी स्पष्ट केले आहे. ज्याची मोजणी करता येते आणि ज्याची करता येत नाही, त्यांच्यामधली सीमा इतक्या काटेकोरपणे आखणे हीदेखील गणिती शिस्तच आहे.

आता या जिन्याच्या एका पायरीचे अवयव पाहू. ८४ म्हणजे २ × २ × ३ × ७. एक लाख म्हणजे १० चा पाचवा घात, म्हणून त्यात पाच वेळा २ आणि पाच वेळा ५. दोन्ही एकत्र केले की ८४ लक्षांत ७ वेळा २, एकदा ३, ५ वेळा ५ आणि एकदा ७ येतो. पडताळा सोपा आहे. सात २ चा गुणाकार १२८, त्याला ३ ने गुणले की ३८४, पाच ५ च्या गुणाकाराने म्हणजे ३१२५ ने गुणले की १२ लक्ष, आणि ७ ने गुणले की ८४ लक्ष.

एका पायरीचे अवयव कळले की २८ पायऱ्यांचे कळायला वेळ लागत नाही. प्रत्येक अवयवाची संख्या २८ पट करावयाची. शीर्षप्रहेलिकेत २ हा अवयव १९६ वेळा, ३ हा २८ वेळा, ५ हा १४० वेळा आणि ७ हा २८ वेळा येतो. एकूण अवयव ३९२, पण जाती चारच : २, ३, ५ आणि ७. या १९४ अंकी संख्येत ११ ला किंवा १३ ला तसूभरही जागा नाही.

या चार जातींवरून संख्येचे आणखी काही गुणधर्म कळतात. प्रत्येक अवयव सम वेळा येत असल्याने ही पूर्ण वर्गसंख्या आहे. तिचे वर्गमूळ म्हणजे चौदावी पायरी, म्हणजेच पद्म. एका पद्मातील वर्षांच्या संख्येला त्याच संख्येने गुणले तर शीर्षप्रहेलिकेतील वर्षांची संख्या मिळते. तिचे चौथे मूळ सातव्या पायरीवर, अववांगावर सापडते. या संख्येला निःशेष भाग देणाऱ्या संख्या किती, हेही मोजता येते. अवयवांच्या प्रत्येक गणतीत १ मिळवून गुणाकार करावा : १९७ × २९ × १४१ × २९. उत्तर येते २ कोटी ३३ लाख ६० हजार ४५७. एवढे भाजक असलेली संख्या, आणि तिची संपूर्ण ओळख एका ओळीत मावते.

पाठ शुद्ध आहे का, याची कसोटी

शीर्षप्रहेलिका अंकांत मांडली तर आधी ५४ अंक येतात आणि त्यापुढे १४० शून्ये. ते ५४ अंक तीन-तीनच्या गटांत असे :

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

मुद्रणयंत्र येण्यापूर्वी असे अंक पोथीवरून पोथीवर हाताने उतरले. लेखनिक थकलेला असेल, दिवा मंद असेल, ताडपत्र किडलेले असेल. ५४ अंकांपैकी एखादा अंक कुठेतरी बदलला असेल, तर ते कसे ओळखायचे? इथे मूळ अवयव कामास येतात.

पहिली कसोटी ९ ची. संख्येत ३ हा अवयव २८ वेळा आहे, म्हणून तिला ९ ने भाग गेलाच पाहिजे. ९ ने भाग जाण्याची खूण शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते : अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला पाहिजे. वरील ५४ अंकांची बेरीज २५२ येते, आणि २५२ म्हणजे ९ × २८. एखाद्या ठिकाणी ३ चा ५ किंवा ६ चा ८ झाला असता, तर ही बेरीज लगेच बिघडली असती.

या कसोटीतून दोन चुका निसटतात. ० च्या जागी ९ पडला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर बेरजेचा ९ शी असलेला मेळ मोडत नाही. म्हणून दुसरी कसोटी ७ ची घ्यावी. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करावेत. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक गट घेऊन बेरीज करावी. वरील संख्येत २९६, ०८०, ९६६, ४०६, ९७५, ९७३, २४१, ०७३ आणि २६३ यांची बेरीज ४२७३ होते. उरलेल्या १८३, ८४८, २१८, ६९६, ५६९, १५७, ०१०, २५३ आणि ७५८ यांची बेरीज ३६९२. दोहोंतील फरक ५८१, आणि ५८१ म्हणजे ७ × ८३. ७ ने भाग गेला. ही रीत चालते याचे कारण असे की १००१ ला ७ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे हजाराचा प्रत्येक गट एकदा वजा व एकदा अधिक असा मोजता येतो.

तिसरी कसोटी तर केवळ मोजण्याची आहे. प्रत्येक पायरीवर ५ हा अवयव पाच वेळा येतो आणि २ त्याहून जास्त वेळा येतो, म्हणून प्रत्येक पायरी बरोबर पाच शून्ये मागे ठेवून जाते. १४० शून्यांना ५ ने भागले की २८ पायऱ्या मिळतात. अंक विसरले तरी शून्यांनी पायऱ्यांची संख्या जपून ठेवलेली असते.

घरी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत हा पडताळा करता येतो. एवढ्या जुन्या संख्येची शुद्धता आपल्या हाताने तपासता यावी, यापेक्षा स्वाध्यायाचा आनंद तो कोणता?

तीन ग्रंथ, तीन महासंख्या

येथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. शीर्षप्रहेलिका सगळीकडे १९४ अंकीच आहे असे नाही. ज्योतिष्करंडकात ती २५० अंकी येते : ७० अंक आणि त्यापुढे १८० शून्ये. दिगंबर परंपरेतील तिलोयपण्णत्तीत आचार्य यतिवृषभांनी कालगणनेची शेवटची संख्या अचलात्म या नावाने दिली आहे. ती १५० अंकी आहे : ६० अंक आणि ९० शून्ये. तीन ग्रंथ, तीन निरनिराळ्या संख्या. वरवर पाहणारा म्हणेल की कोणीतरी चुकले. श्रद्धाळू माणूस गोंधळतो, टीकाकाराला संधी मिळते आणि कधी कधी आपापसातही वाद होतो.

मूळ अवयव या वादात निष्पक्ष साक्षीदाराचे काम करतात. ज्योतिष्करंडकातील संख्येची १८० शून्ये घ्या, ५ ने भागा, उत्तर ३६. ही संख्या म्हणजे ८४ लक्षांचा ३६ वा घात. तिच्यात २ हा अवयव २५२ वेळा, ३ हा ३६ वेळा, ५ हा १८० वेळा आणि ७ हा ३६ वेळा येतो. जाती त्याच चार, आणि त्यांचे प्रमाणही तेच : सातास एक, पाच आणि एक. लेखनिकाच्या हातून अंक चुकला असता तर हे प्रमाण टिकले नसते, कुठूनतरी परकी मूळ संख्या आत शिरली असती. म्हणजे तिथे अंकगणिताची चूक झालेली नाही. त्या परंपरेत पायऱ्याच ३६ होत्या. दोन वाचनांमध्ये नावांची गणना वेगळी होती आणि प्रत्येकाने आपापली गणना प्रामाणिकपणे अखेरपर्यंत नेली.

अचलात्माची गोष्ट आणखी वेधक आहे. ती संख्या ८४ चा ३१ वा घात गुणिले १० चा ९० वा घात अशी आहे. ३ आणि ७ हे अवयव प्रत्येकी ३१ वेळा येतात, म्हणून पायऱ्या ३१ असल्या पाहिजेत. पण सर्व पायऱ्या ८४ लक्षांच्या असत्या, तर शून्ये १५५ झाली असती. शून्ये आहेत ९०. ९० ला ५ ने भागले की १८. याचा अर्थ १८ पायऱ्यांवर ८४ लक्षांनी गुणले आहे आणि उरलेल्या १३ पायऱ्यांवर केवळ ८४ ने. तिलोयपण्णत्ती उघडून पाहिले तर हेच आढळते. तेथे पूर्वानंतर एक पायरी ८४ पटीची आणि तिच्यानंतरची ८४ लक्ष पटीची, अशी जोडीजोडीने चढण आहे. फक्त अवयव पाहून जिन्याची रचना सांगता आली.

तिन्ही संख्या अंकांनी निराळ्या असल्या तरी तिन्हींचे कुळ २, ३, ५, ७ हेच आहे. तिन्ही परंपरांनी आपला गुणाकार चोख राखला आहे. मतभेद कोठे आहे आणि कोठे नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे साधन अन्य क्षेत्रांत सहसा मिळत नाही.

शहाण्णव वेळा अर्धी होणारी संख्या

आगमांतील दुसऱ्या एका महासंख्येचे कुळ याहूनही साधे आहे. तिच्यात एकच जात आहे : २. मनुष्यांची संख्या सांगताना अनुयोगद्वारात असा निर्देश येतो की ती राशी ९६ वेळा अर्धी करता येते. हेच दुसऱ्या प्रकारेही सांगितले आहे. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, पुढे २५६, मग ६५५३६, आणि पाचवा वर्ग ४२९४९६७२९६. त्याचाही वर्ग केला की सहावा वर्ग मिळतो. पाचव्या आणि सहाव्या वर्गाचा गुणाकार म्हणजे ती राशी. पाचव्या वर्गात ३२ वेळा २, सहाव्यात ६४ वेळा, मिळून ९६. षट्खंडागमातही मनुष्यराशी सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली सांगितली आहे, आणि ९६ ही गणती ६४ व १२८ यांच्या बरोबर मध्यावर येते. शास्त्रातील मनुष्यराशीची मर्यादा आणि आजची जनगणना हे वेगळे विषय आहेत, त्यांची सरमिसळ येथे अभिप्रेत नाही. येथे पाहावयाची आहे ती संख्येची घडण.

दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती हे श्रवणबेळगोळच्या बाहुबलीमूर्तीची निर्मिती करविणाऱ्या चामुंडरायांचे गुरू होत. त्यांच्या गोम्मटसारात ही संख्या पूर्ण २९ अंकांत आली आहे, तीही अक्षरांच्या रूपात. क पासून, ट पासून, प पासून आणि य पासून अक्षरांना क्रमाने १, २, ३ असे अंक द्यावयाचे, न म्हणजे शून्य, आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, अशी ती पद्धत आहे. गाथेतील संख्यावाचक पहिले अक्षर त, म्हणजे ६, तो एकं स्थानी. शेवटचे अक्षर स, म्हणजे ७, तो सर्वांत डावीकडे. मधली २७ अक्षरे भरली की संख्या उभी राहते : ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. आजच्या संगणकावर २ चा ९६ वा घात काढला तर अंकाला अंक जुळतो.

संख्या किती वेळा अर्धी होते, याला धवला टीकेत अर्धच्छेद म्हटले आहे. ही टीका आचार्य वीरसेनांनी आठव्या-नवव्या शतकात रचली. किती वेळा तिसरा भाग करता येतो, तो त्रिकच्छेद. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही तेथे आहे. युरोपात जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली, त्यामागील मूळ कल्पना याच जातीची आहे. मात्र नेपियरची कोष्टके कोणत्याही संख्येसाठी वापरता येत, अर्धच्छेदांची तशी कोष्टके वीरसेनांनी केलेली नाहीत. पूर्वजांचे श्रेय पूर्ण द्यावे आणि जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर चढवू नये. सत्य हे महाव्रतांपैकी एक आहे, आणि गणिताच्या इतिहासालाही ते लागू आहे.

शेजारी राहणारे अनोळखी

आता एक छोटासा बदल करून पाहू. ज्या संख्येत केवळ २ हा अवयव आहे, तिच्यात १ मिळवला तर? किंवा १ वजा केला तर?

१ वजा करताच चित्र पालटते. त्या संख्येत ३, ५, ७, १३, १७, ९७, १९३, २४१, २५७, ६७३, ६५५३७ आणि २२२५३३७७ अशा १२ निरनिराळ्या मूळ संख्या येतात, त्यांपैकी ३ दोनदा. १ मिळवला तर तीन मूळ अवयव मिळतात : ६४१, ६७००४१७ आणि १८४४६७४४०६९४१४५८४३२१. शेवटचा अवयव एकटाच २० अंकी आहे. शेजारशेजारच्या तीन संख्या, पण तिघींची कुळे पूर्णपणे वेगळी. बेरजेच्या शेजारावरून गुणाकाराचे नाते कळत नाही.

यातील ६४१ ला इतिहास आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याने २ च्या या वर्गमालिकेतील प्रत्येक संख्येत १ मिळवून पाहिला. ५, १७, २५७, ६५५३७ या सर्व मूळ संख्या निघाल्या. पुढच्याही सर्व तशाच असतील असे त्याला वाटले. १७३२ साली ऑयलरने दाखवले की पाचव्या वर्गात १ मिळवला की ४२९४९६७२९७ येतात आणि त्यांना ६४१ ने भाग जातो. मोठ्या गणितज्ञाचा अंदाजही पडताळ्याशिवाय स्वीकारू नये, हा धडा येथे मिळतो. सहाव्या वर्गात १ मिळवून येणाऱ्या संख्येचे अवयव एकोणिसाव्या शतकात मिळाले. सातव्या वर्गाच्या शेजारणीचे अवयव मिळायला १९७० साल उजाडले आणि संगणक लागला. विसाव्या वर्गात १ मिळवून येणारी संख्या मूळ नाही, हे सिद्ध झाल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झाले, पण तिचा एकही अवयव अद्याप हाती आलेला नाही. तिचे तुकडे होतात हे निश्चित, ते कोणते हे अज्ञात. आणि विसावा वर्ग स्वतः? त्याचे अवयव पाठशाळेतील मुलगाही सांगेल : केवळ २.

घडवलेली संख्या आणि लपवलेली संख्या

या अडचणीतूनच एक उपयोग जन्माला आला. १९७७ साली रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेन ॲडलमन या तिघांनी गुप्त लेखनाची एक पद्धत मांडली. दोन मोठ्या मूळ संख्या गुप्तपणे निवडावयाच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. गुणाकार करणे क्षणाचे काम, पण त्यावरून मूळ दोन अवयव शोधणे महाकठीण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून १२९ अंकांची एक संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध झाली आणि १०० डॉलरचे बक्षीस लागले. ती फोडायला १७ वर्षे गेली. १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी सुमारे १६०० संगणकांवर आठ महिने काम केल्यावर तिचे दोन अवयव मिळाले, एक ६४ अंकी आणि दुसरा ६५ अंकी. २०२० साली अशीच २५० अंकी संख्या फोडण्यात आली. म्हणून या पद्धतीत आता ६१७ अंकी संख्या वापरण्याचा प्रघात आहे.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १९४ अंकी शीर्षप्रहेलिकेचे अवयव बोटांवर सांगता येतात. तिच्याहून ६५ अंकांनी लहान असलेल्या संख्येला १७ वर्षे आणि १६०० संगणक लागले. ज्योतिष्करंडकातील संख्या आणि २०२० साली फुटलेली संख्या दोन्ही २५० अंकी, पण एकीचे अवयव शून्ये मोजून मिळतात आणि दुसरीसाठी प्रचंड संगणकीय श्रम लागतात. फरक आकाराचा नाही. एका संख्येची घडण आचार्यांनी पायरीपायरीने, नावानिशी सांगून ठेवली. दुसऱ्या संख्येची घडण तिच्या कर्त्यांनी हेतुपुरस्सर लपवली. घडणीची वाट माहीत असेल तर संख्या कितीही मोठी असली तरी ती आपलीशी होते.

वारसा कोणता जपायचा

हे ज्ञान आपल्या हाती आले तेही अनेकांच्या श्रमांमुळे. धवला टीकेच्या ताडपत्री शतकानुशतके मूडबिद्री येथे बंदिस्त होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले, १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून निघाला आणि पुढील सुमारे २० वर्षांत १६ खंड पूर्ण झाले. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहिला, तेव्हा अर्धच्छेदाचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानी आले. तिलोयपण्णत्तीही सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत हिरालाल जैन आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातील गावांचा या कार्यात इतका थेट वाटा आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची बाब आहे.

अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. शीर्षप्रहेलिका १९४ अंकी आहे एवढेच मुलांना सांगितले, तर ती एक नवलाची गोष्ट म्हणून ऐकतील आणि विसरतील. कोणी २५० अंकी म्हटले की त्यांचा विश्वास डळमळेल. परंतु ८४ लक्षांचे अवयव कसे पाडायचे, शून्ये मोजून पायऱ्या कशा काढायच्या, ९ आणि ७ च्या कसोट्या कशा लावायच्या, हे शिकवले तर ती मुले कोणत्याही पोथीतील संख्या स्वतः तपासू शकतील. त्यांना कोणाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही. पूर्वसूरींनी शेवटचा आकडाच नव्हे तर २८ पायऱ्यांची नावे पाठ करून ठेवली, ती याचसाठी महत्त्वाची. पायऱ्या हाती असतील तर आकडा पुन्हा उभारता येतो.

पाठशाळेच्या येत्या वर्गात फळ्यावर ते ५४ अंक लिहावेत आणि मुलांना बेरीज करावयास सांगावे. २५२ येईपर्यंत एखाद-दोन मुले चुकतील, पुन्हा करतील. ज्या क्षणी बेरीज जुळेल, त्या क्षणी शतकांपूर्वीच्या त्या अनाम लेखनिकाशी त्यांचे नाते जुळेल.

विवेचनात काही न्यून अथवा आगमविरुद्ध राहिले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. संस्थेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.

जय जिनेंद्र.